सातबाऱ्यावर नाव चढण्याआधी

शहरातल्या मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या मनात जमिनीचा एक तुकडा असतो. प्रत्यक्षात तो कुठेही नसला तरी त्याचा नकाशा मात्र पक्का ठरलेला असतो. मागे डोंगर, पुढे ओढा, बांधावर आंब्याची चार झाडे, मधोमध कौलारू घर आणि घराच्या ओटीवर निवृत्तीनंतरचे आपण! दादर-ठाण्याच्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या दोन खोल्यांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना हे स्वप्न पडावे यात नवल नाही. पूर्वी ते स्वप्नच राहत असे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र हातात थोडा पैसा आला, दाराशी गाडी आली, घाटातले रस्ते रुंद झाले आणि कर्जत, मुरबाड, मुळशी, भोर, वाई, दापोली, गुहागर या नावांपुढे गुंठ्याचे भाव लागू लागले. निसर्गाच्या कुशीत हक्काची जागा, शहरापासून फक्त दोन तासांवर, सुलभ हप्ते, अशा जाहिराती आता आपल्या सवयीच्या झाल्या आहेत.

या जाहिरातींत डोंगर असतो, धबधबा असतो, गवतावर बागडणारी मुले असतात. फक्त गाव नसते. आणि खरी गोम तिथेच आहे. फ्लॅट घेताना आपण चार भिंती आणि एक किल्ली घेतो. जमीन घेताना तिच्याबरोबर विहिरीचे पाणी येते, दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट येते, बांधाला बांध लागून असलेली माणसे येतात आणि त्या जमिनीचा सगळा भूतकाळही येतो. ज्यांना जमीन घ्यायची हौस आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. परंतु आपण एका रिकाम्या जागेचे मालक होत नसून गावाच्या चालू संसारात नव्याने शिरत आहोत, एवढे ओळखून घ्यावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी महाबळेश्वरला चार दिवस खोली घेऊन राहावे. ते स्वस्तही पडते आणि कोणाचे नुकसानही होत नाही.

भूतकाळ म्हटले की थोडा इतिहास आलाच. महाराष्ट्रात शेतजमीन कोणी घ्यायची याला कायद्याचे कुंपण आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. अनेकांना हे कुंपण म्हणजे सरकारी जाच वाटतो. पण ते कशासाठी घातले गेले? पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा एक आणि पिकाचा वाटा नेणारा दुसरा, अशी स्थिती होती म्हणून. १९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. आज मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या आजोबांची जमीन याच कायद्यात गेली. काळाची गंमत अशी, की त्याच आजोबांची नातवंडे आता जमीन घ्यायला निघाली आहेत आणि समोर विकायला बसलेला बहुधा त्या कुळाचा नातू आहे. व्यवहाराच्या बैठकीत चहा पिताना दोन्ही बाजूंनी एवढे ध्यानात ठेवले तरी बोलण्यातला सूर बदलेल.

यातूनच पहिली सूचना निघते. आपण कायद्याने शेतकरी आहोत का, हे आधी पाहा. राज्यात कुठेही वडिलोपार्जित शेती असेल आणि वारस म्हणून तुमचे नाव सातबाऱ्यावर असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर एजंट हसून सांगतो, "साहेब, दाखल्याची काळजी करू नका, काढून देतो." काळजी करावी ती नेमकी इथेच. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे अवैध ठरू शकतो आणि कलम ८४-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. शेतकरी नसलेल्याने रीतसर अकृषिक परवानगी मिळालेला भूखंड घ्यावा. तो महाग पडतो, लहान मिळतो, पण त्यावर रात्री झोप लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे सातबारा वाचायला शिकणे. आपण त्याला एक कागद समजतो. वस्तुतः ते गावाचे दोन नमुने आहेत. सातमध्ये मालकी व हक्क, बारामध्ये पिके. आता तो संगणकावर, डिजिटल सहीने घरबसल्या मिळतो, त्यामुळे आळसाला सबब उरलेली नाही. भोगवटादार वर्ग एक असेल तर मालकाला जमीन बहुतांशी मोकळेपणाने विकता येते. वर्ग दोन असेल तर ती कोणत्यातरी अटीवर मिळालेली आहे आणि परवानगीवाचून विकता येत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीलाही अशीच अट होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती विकता येते. हा नजराणा भरल्याची पावती मागायला लाजू नये.

खरी कहाणी असते ती 'इतर हक्क' या रकान्यात. बँकेचा बोजा, सोसायटीचे कर्ज, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनासाठी घातलेले निर्बंध, राखीव वनाचा किंवा खाजगी वनाचा शेरा, हे सारे तिथे बारीक अक्षरांत दडलेले असते. खाजगी वनाचा १९७५ चा कायदा ठाणे-रायगडकडच्या डोंगरउतारांवर अनेकांना अनपेक्षितपणे भेटला आहे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीला ती सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही. महसूल अधिनियमाचे कलम ३६ त्यासाठीच आहे. ठाणे, पालघर, रायगड, नाशिक या पट्ट्यात या कलमातून पळवाटा काढून देणारे भेटतात. पळवाटेने घेतलेली जमीन म्हणजे कोणाच्या तरी अज्ञानाचा घेतलेला फायदा असतो. कायद्याचे सोडा, पण अशा जमिनीवर बांधलेल्या घरात नातवंडांना काय सांगून खेळवणार?

तिसरी गोष्ट बहिणींची. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे, तिघांच्या सह्या, साठेखत, खरेदीखत, सगळे व्यवस्थित. वर्षभराने कल्याणहून किंवा सांगलीहून बहिणीची नोटीस येते, की वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा होता, मला कोणी विचारले? तिचे म्हणणे बरोबर असते. मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि त्या २००५ च्या दुरुस्तीचा लाभ मिळण्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून जुने फेरफार काढून वंशावळ पाहावी. बहिणी किती, त्या कुठे असतात, त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिले आहे का, हे विचारावे. भाऊ म्हणेल, "आमच्या ताईचं काही म्हणणं नाही." तसे असेल तर ताईंना भेटायला काय हरकत आहे? कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे सामाईक असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत, काही परदेशात, काही देवाघरी. तिथे एका हिस्सेदाराने दाखवलेला 'आपला' तुकडा हा घरातल्या घरात तोंडी ठरलेला असतो. कागदावर तो अजून वेगळा झालेलाच नसतो.

तोंडी वाटपावरून आठवले. गुंठेवारीने जमिनी विकण्याचा धंदा जोरात आहे. एकर म्हणजे चाळीस गुंठे, गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पाच गुंठ्यांचे आठ भूखंड पाडले, लाल मातीचा रस्ता काढला, कमान उभी केली, की झाली योजना. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरले. २०२५ मध्ये नागरी भागांसाठी तो शिथिल करण्याचे पाऊल उचलले गेले, पण आडगावच्या शेतातल्या पाच गुंठ्यांना त्याचा आधार मिळेल असे गृहीत धरू नये. सोसायटी करून सर्वांची नावे एकत्र लावू, असे सांगितले जाते तेव्हा आपण आठ अनोळखी माणसांबरोबर सामाईक मालक होत आहोत हे समजून घ्यावे. सख्ख्या भावांचे जिथे पटत नाही तिथे या आठांचे किती काळ पटेल? आणि पैसे देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मालकाने हात लांबवून 'त्या जांभळापर्यंत' म्हणून दाखवलेली हद्द मोजणीत जांभळाच्या बरीच अलीकडे येते, असा अनुभव अनेकांचा आहे.

जुन्या वाचकांना १९९० च्या दशकातल्या सागवानाच्या योजना आठवत असतील. थोडी रक्कम गुंतवा, काही झाडे तुमच्या नावाने लावू, वीस वर्षांनी लाखांनी पैसे, असा तो हिशेब. कित्येक निवृत्तांनी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्यात घातले. बहुतेकांनी ते झाड कधी डोळ्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. शेवटी १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक योजनांसाठी नियम केले, तोवर अनेकांचे पैसे बुडाले होते. त्या प्रकरणाचा धडा साधा आहे. जी जमीन आपण पाहणार नाही, जिच्यात आपले पाय मळणार नाहीत, ती दुसऱ्याच्याच उपयोगाची ठरते.

जमीन पाहायची म्हणजे केव्हा पाहायची? आपण जातो ते श्रावणात. सगळीकडे हिरवे, ओढे भरलेले, माणसे प्रसन्न. विकणाऱ्यालाही हाच हंगाम आवडतो. मी म्हणतो, सौदा ठरवण्याआधी दोन वेळा जा. एकदा जुलैच्या मुसळधार पावसात, रस्ता टिकतो का आणि पाणी कुठून वाहते ते पाहायला; आणि एकदा मे महिन्यात दुपारी बारा वाजता, पाणी आहे का ते पाहायला. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. जांभ्याची जमीन, तीव्र उतार आणि जवळ आलेला समुद्र. पाणी थांबतच नाही. घाटावर काळ्या पाषाणात बोअर मारताना एका ठिकाणी पाणी लागते, पन्नास फुटांवर कोरडी धूळ उडते. गावच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर कायद्याचे बंधन आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या हिरवळीसाठी खोल बोअर मारायची आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वाडीची विहीर आटायची, याला शेजारधर्म म्हणत नाहीत. गावात वैर पेरायचे असेल तर याहून सोपा उपाय नाही.

पाण्याइतकाच महत्त्वाचा रस्ता. "सगळे इथूनच जातात" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. गावनकाशात गाडीवाट, पायवाट किंवा पाणंद दाखवलेली आहे का, हे पाहावे. नसेल तर ज्याच्या शेतातून जायचे त्याच्याशी आधी बोलावे आणि हक्क कागदावर नोंदवून घ्यावा. बांधावरून वाट मागण्याची तरतूद महसूल अधिनियमाच्या कलम १४३ मध्ये आहे. वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येते. परंतु तहसीलदारांचा आदेश घेऊन मिळवलेल्या वाटेवरून रोज ज्याच्या दारासमोरून जायचे, तो माणूस आपल्याकडे कसा पाहील याचाही विचार करावा. याची दुसरी बाजूही आहे. आपण विकत घेतलेल्या जमिनीतून वाडीतल्या बायका पाण्याला जात असतील, गुरे चरायला जात असतील, ग्रामदेवतेची पालखी जात असेल. पहिल्याच महिन्यात तारेचे कुंपण घालून त्या वाटा बुजवणारा मालक कायद्याने कदाचित बरोबर असेल, पण गावात तो कायमचा परका झाला.

काही साध्या चौकशा आपण विसरतो. प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे आणि सर्पदंशावरचे औषध तिथे असते का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत आणि कोकणातल्या दगडी गडग्यांत फुरसे पाहुण्यासारखे येत नाही, ते तिथेच राहते. मार्च-एप्रिलमध्ये वणवा कुठपर्यंत येतो? पाच वर्षे जपलेली काजूची कलमे एका दुपारी जातात. माकडे आणि रानडुकरे कोणते पीक ठेवतात? घर बांधायचे असेल तर शेतजमिनीवर शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते आणि बांधकामाच्या आकारालाही मर्यादा आहे. शेतघर हे शेतीसाठी, हा त्या तरतुदीचा हेतू आहे. तरणतलावाचा बंगला त्यात बसत नाही.

अलीकडे आणखी एक हौस निघाली आहे, ती घोडे पाळण्याची. मुलांना माथेरानच्या घोड्यावर बसवून आणले की ती पुन्हा पुन्हा मागणी करतात आणि जागा आहे तर एक घोडा का नको, असे वडिलांना वाटू लागते. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठेक किलो सुका चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी याहून अधिक. काठेवाडी आणि मारवाडी जाती कोरड्या प्रदेशातल्या. सह्याद्रीतल्या चार महिन्यांच्या चिखलात त्यांचे खूर सडतात आणि चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा जीवघेणा ताप येतो. तालुक्याच्या पशुवैद्याचा हात बैल-म्हशींवर बसलेला असतो, घोड्याचा जाणकार जवळपास मिळेलच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, जनावराला सोमवार ते शुक्रवार सुटी नसते. शनिवारी येणाऱ्या मालकाने घोडाच काय, कोंबडीसुद्धा पाळण्याआधी दहादा विचार करावा.

मग रोजचे कोण पाहणार? तर राखणदार. आणि पुष्कळदा तो राखणदार म्हणजे ज्याने जमीन विकली तोच, किंवा त्याचा मुलगा. काल तो या शेतात भात लावत होता, आज महिन्याच्या पगारावर फाटक उघडतो. यात नेहमी फसवणूकच असते असे मी म्हणणार नाही. कोणाला मुलीचे शिक्षण करायचे असते, कोणाला दवाखान्याचे देणे असते, कोणाला शेतीचा खरोखरच कंटाळा आलेला असतो. आपली वस्तू विकण्याचा त्याचा हक्क आपण नाकारणारे कोण? 'गरीब बिचारा शेतकरी' म्हणून त्याला शहाणपण शिकवणे हाही शहरी अहंकारच आहे. परंतु घेणाऱ्याने दोन गोष्टी तरी कराव्यात. एक, पूर्ण किंमत पांढऱ्या पैशात, बँकेतून द्यावी. म्हणजे दलालाच्या खिशात किती गेले आणि मालकाच्या हाती किती पडले हे दोघांनाही कळते. दुसरे, जमीन पडीक ठेवू नये. स्वतः कसता येत नसेल तर लेखी करार करून शेजाऱ्याला कसू द्यावी. कुळ लागेल या भीतीने भाताची खाचरे वर्षानुवर्षे ओसाड ठेवणारे मालक गावोगाव दिसतात. वकिलाचा सल्ला घेतला तर या भीतीवर मार्ग निघू शकतो; ओसाड खाचराचे बांध एकदा फुटले की ते पुन्हा घालायला माणसे मिळत नाहीत.

पैसे मोजले, आता जमीन आमची, आम्ही वाटेल ते करू, असे कोणी म्हणेल. कायदा बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने आहे. पण जमिनीला आठवण असते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या ज्या सत्याग्रहाने पां. म. बापटांना 'सेनापती' केले, तो मुळशीच्या मावळ्यांच्या बुडणाऱ्या शेतांसाठी होता. ते धरण झाले, शेते बुडाली. आज त्याच जलाशयाच्या काठच्या जमिनी 'तलावाचे दर्शन' म्हणून वाढीव भावाने विकल्या जातात. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये भातशेतीच्या जमिनी शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर कायद्याने बंधन आणले. भात पिकवणारी खाचरे संपली तर गाव उरत नाही, ही भीती त्यामागे आहे आणि ती खोटी नाही.

म्हणून निर्णय घेण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून कागदावर लिहावे, की वर्षातले किती दिवस आपण तिथे राहणार. मोकळ्या मनाने लिहावे. मुले दहावीला गेली की किती जाणार, सुनेला रजा किती, गुडघे किती साथ देतील. आकडा पंधरा-वीस दिवसांच्या आत आला तर जमिनीचा नाद सोडावा. गावातच एखादे घर भाड्याने घ्यावे, लोकांची ओळख वाढवावी, दोन पावसाळे काढावेत. आकडा मोठा आला, तर झेपेल एवढीच जमीन घ्यावी, अन् घेताना चारही बांधांवरच्या माणसांना आधी भेटून यावे. ते काय सांगतात, कसे सांगतात आणि काय सांगायचे टाळतात, यातून जेवढे कळते तेवढे कोणत्याही शोध-अहवालातून कळत नाही. शेवटी मे महिन्यात आपल्या झाडांना पाणी घालणारे आणि रात्री-अपरात्री साप चावला तर गाडी काढणारे तेच असतात.